मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ : कोल्हापूरच्या फुटबॉलमधली ईर्षा आली कुठून?

कोल्हापुरात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, गाव कुठलं? गडी शहरातलाच निघाला तर लगेच दुसरा, पेठ कुठली? या दुसऱ्या उत्तरावरून समोरच्याला बरंच काही कळतं. गडी गणपतीत कुठल्या मिरवणुकीत नाचतो आणि शाहू स्टेडियमवर कुठल्या बाजूला बसून घसा फोडतो, हे वेगळं विचारावं लागत नाही.

महाराष्ट्रात फुटबॉल म्हटलं की मुंबईचं कूपरेज आठवतं, फार तर पुणं. बाकी राज्यात क्रिकेट आणि कबड्डी. पण कोल्हापुरात हिवाळ्यात हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्या दिवसांत दुपारचे चार वाजायला आले की दुकानातली पोरं घड्याळाकडे बघायला लागतात. सामना आयएसएलचा नसतो, टीव्हीवर मोठ्या चॅनेलला दिसत नाही. खेळणारी पोरं बऱ्याचदा शेजारच्याच गल्लीतली असतात. तरी गॅलरी भरते.

आणि समोरासमोर जर मंगळवार पेठेतली पाटाकडील तालीम आणि शिवाजी पेठेतलं शिवाजी तरुण मंडळ असेल, तर बंदोबस्तही वाढतो.

क्लबच्या नावात ‘तालीम’ कशाला?

कोल्हापूरच्या संघांची नावं वाचली तर बाहेरचा माणूस गोंधळतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. नावं वाचून वाटावं, कुस्तीच्या फडाची यादी आहे. शेवटचं नाव तर एखाद्या युरोपियन क्लबच्या मालकाला ऐकवून बघावं.

याचं मूळ शाहू महाराजांच्या काळात सापडतं. महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्याने कोल्हापूर मल्लांची पंढरी झालं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं प्रेक्षागृह पाहिलं आणि त्या धर्तीवर खासबागेचं कुस्ती मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं. शहरात पेठेपेठेत तालमी होत्या. सकाळी उठायचं, लाल मातीत घाम गाळायचा आणि आपल्या तालमीचं नाव राखायचं. पोराच्या अंगात रग असली की घरचे त्याला तालमीत धाडत.

पण तालीम म्हणजे नुसता हौदा नव्हता. तिथे गणपती बसायचा. कितीतरी तालमींत मोहरमचे पंजेही बसायचे, आणि अजून बसतात. शिवजयंती तिथेच, भांडणाचा निवाडाही तिथेच. थोडक्यात, तालीम ही त्या गल्लीची चावडी होती.

हिंदुस्थानात फुटबॉल आला तो इंग्रजांच्या छावण्यांतून आणि शाळा-कॉलेजांतून. कोल्हापुरातही तो संस्थानी काळातच रुजला. आता नवा खेळ खेळायचा तर अकरा पोरं लागणार, जागा लागणार, चार पैसे लागणार आणि कुणीतरी वडीलधारा लागणार. हे सगळं आयतं कुठे होतं? तालमीत. म्हणून इथे फुटबॉलसाठी वेगळे क्लब काढायची फारशी गरजच पडली नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी कुस्तीच्याच राहिल्या. इतर कित्येक तालमींच्या पोरांनी लांग सोडून बूट घातले. कुस्तीतली ‘आपल्या तालमीचा पट्ठ्या’ ही भावना मात्र जशीच्या तशी मैदानावर आली.

१९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. हीच ती केएसए. संघांची आणि खेळाडूंची नोंदणी, लीगचं वेळापत्रक, शिस्तभंगाची कारवाई, सगळं तिच्याकडे. संस्थान विलीन झालं तरी छत्रपती घराण्याचा संबंध तुटला नाही. अलीकडे मालोजीराजे छत्रपती केएसएचे अध्यक्ष आहेत आणि २०२२ मध्ये ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवरही गेले.

रिद्धपूर-मोर्शीकडून बघितलं तर कोल्हापूर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पण आखाड्याची परंपरा तिकडेही होतीच. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं आणि त्याच्या पथकाने १९३६ मध्ये थेट बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. म्हणजे वऱ्हाडातल्या आखाड्यातून शारीरिक शिक्षणाची संस्था उभी राहिली, तर कोल्हापूरच्या तालमींतून फुटबॉलचे संघ.

दोन पेठा, चालत काही मिनिटांवर

आता मूळ विषय. अंबाबाईच्या देवळातून बाहेर पडून रंकाळ्याच्या अंगाला गेलं की शिवाजी पेठ लागते. निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा, गांधी मैदान ही तिची ठिकाणं. शिवाजी तरुण मंडळ इथलं, खंडोबा तालीम इथली. संध्यामठ रंकाळ्याच्या काठाचा. देवळाच्या दुसऱ्या अंगाला, मिरजकर तिकटीकडे वळलं की मंगळवार पेठ. पाटाकडील इथली, बालगोपाल इथली. खासबाग आणि शाहू स्टेडियमही याच बाजूला, हाकेच्या अंतरावर.

दोन्ही पेठांत भाषा तीच, देव तेच, तांबडा-पांढरा तोच. लग्नंही एकमेकांत होतात. एका पेठेतली लेक दुसऱ्या पेठेत दिली असेल तर सामन्याच्या दिवशी जावयाने सासुरवाडीला जावं की नाही, यावर चेष्टा ठरलेली. मग भांडण कशाचं?

याचं उत्तर द्यायला जगातल्या दोन गाजलेल्या जोड्या बघाव्या लागतात.

स्कॉटलंडच्या ग्लासगोत रेंजर्स १८७२ चा आणि सेल्टिक १८८७ चा. सेल्टिक उभा राहिला तो आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिक वस्तीसाठी, रेंजर्समागे प्रोटेस्टंट समाज गेला. तिथे फुटबॉलच्या खाली धर्म आहे. तो इतका की रेंजर्सने १९८९ मध्ये मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतलं, तेव्हा त्यांच्याच काही पाठीराख्यांनी क्लबचे स्कार्फ जाळले.

कोलकात्यात मोहन बागान १८८९ चा. १९२० मध्ये जोराबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळलं. क्लबचेच एक पदाधिकारी सुरेशचंद्र चौधरी त्यावरून चिडून बाहेर पडले आणि काही दिवसांत ईस्ट बंगाल क्लब निघाला. पुढे फाळणी झाली, पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे आले आणि घरदार गमावलेल्या लोकांना तो क्लब आपला वाटला. १३ जुलै १९९७ ला या दोघांच्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला १ लाख ३१ हजारांवर लोक होते. बायचुंग भुतियाने त्या दिवशी ईस्ट बंगालसाठी तीन गोल केले. पण त्याच लढतीच्या इतिहासात १६ ऑगस्ट १९८० ही तारीखही आहे. ईडन गार्डन्सवर हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मेले.

कोल्हापूरच्या दोन पेठांत ना धर्माची फाळणी आहे, ना स्थलांतराची जखम. जातीचीही सरळ रेघ ओढता येत नाही. इथे आहे ती निखळ ईर्षा. हा शब्द पुस्तकी मराठीत वाईट अर्थाने येतो, कोल्हापुरात तो कौतुकानेही वापरतात. ‘ईर्षेनं खेळला’ म्हणजे जीव तोडून खेळला. कारण लहान असलं की भांडण लहान असतं, असं मात्र नाही. उलट धर्म किंवा जमीन नसल्यामुळे इथे पणाला लागलेलं असतं ते फक्त नाव, आणि नावाचा हिशोब कधीच मिटत नाही. शिवाय ईर्षा पेठेबाहेरच असते असंही समजू नये. पाटाकडील आणि बालगोपाल एकाच पेठेतले, पण त्यांचा सामना मैत्रीपूर्ण होतो असं म्हणणाऱ्याने तो पाहिलेला नसावा.

पैसा आला, खेळाडू फिरायला लागले

पूर्वी एका तालमीचा पोरगा दुसऱ्या पेठेकडून खेळला तर घरात अबोला धरला जायचा. आता नोंदणीच्या दिवसांत कोण कुठल्या संघात गेला, हीच स्थानिक पेपरांतली बातमी असते. चांगल्या खेळाडूला मानधन मिळतं. परगावचे खेळाडू येतात, नायजेरियातलेही येतात. त्यांच्या संख्येवर केएसए मर्यादा घालते. पण मंगळवार पेठेत भाड्याच्या खोलीत राहणारा, वडापाव खाणारा आणि पाच-सहा शिव्या अस्सल कोल्हापुरीत देणारा आफ्रिकन फॉरवर्ड आता कुणाला नवा वाटत नाही.

पैसा कुठून येतो? लीग संपली की चषकांची रांग लागते. महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक. नावं वाचूनच लक्षात यावं. पेठ ही मतदारांची मोळी आहे आणि मोळी बांधायला फुटबॉलइतका चांगला दोर दुसरा नाही. याला नुसतं नाक मुरडून चालणार नाही. खासगी कंपन्या या फुटबॉलकडे फिरकत नसताना पोरांना बूट, किट आणि बक्षिसं मिळाली ती याच दोराने. फक्त त्यातून अकादमी, प्रशिक्षक आणि लहान वयोगटांच्या स्पर्धा जितक्या उभ्या राहायला हव्या होत्या तितक्या राहिल्या नाहीत. फायनलला मंचावर गर्दी होते. बारा वर्षांच्या पोरांच्या सरावाला फोटोग्राफर येत नाही.

ईर्षा कुठे महागात पडते?

गॅलरीतून बाटली येते, मैदानात धक्काबुक्की होते, सामना सुटल्यावर पेठेच्या तोंडाशी दगड पडतात. असं झालं की पोलीस लाठी उगारतात, गुन्हे दाखल होतात आणि केएसएला सामने थांबवावे लागतात. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर टोमणेबाजीचे स्टेटस फिरतात आणि भांडण पुढच्या सामन्यापर्यंत गरम राहतं. आता निम्मी ईर्षा स्टेटसवरच पेटते, हे तर कुठल्याही पेठेतला म्हातारा सांगेल.

यात सगळ्यात जास्त भरतो तो अठरा-वीस वर्षांचा पोरगा. त्याला सैन्यात किंवा पोलिसांत जायचं असतं. अंगात दम असतो, धावता येतं, आणि भरतीआधीची चारित्र्य पडताळणी एका दंगलीच्या कलमावर अडते.

मैदानावरच्या पोराचंही फार वेगळं नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मिळतं मान्यताप्राप्त राज्य, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या कामगिरीवर. फायनलमध्ये शिवाजी पेठेवर गोल मारला म्हणून चौकात फ्लेक्स लागतो, खांद्यावरून मिरवणूक निघते, आयुष्यभर चहा फुकट मिळतो. नोकरीच्या अर्जात मात्र त्या गोलला रकाना नाही.

आणि जे वर गेले, ते बहुतेक करून पेठेबाहेर पडून. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोचला. दोघांची गोष्ट कोल्हापुरात अभिमानाने सांगितली जाते. पण इतकी वर्षं खेळणाऱ्या, इतक्या संघांच्या शहरातून देशपातळीवर पोचलेली नावं बोटांवर मोजावी लागतात, हे सांगताना आवाज जरा खाली येतो.

कारण साधं आहे. देशपातळीच्या लीगमध्ये उतरायचं तर पेठेचा नाही, शहराचा संघ लागतो. त्यासाठी पाटाकडीलचा मिडफिल्डर आणि शिवाजीचा स्ट्रायकर एकाच जर्सीत उभे राहायला हवेत, आणि त्या जर्सीसाठी दोन्ही पेठांनी एकाच गॅलरीत बसायला हवं. हे शक्यच नाही असं कुणी म्हणू नये. २०१९ च्या महापुरात तालमी-मंडळांची पोरं मदतीला उतरली, तेव्हा कोण कुठल्या पेठेचा हे कुणी विचारलं नव्हतं. कोलकात्यातही ऑगस्ट २०२४ मध्ये आरजी कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या खुनानंतर शहर पेटलं होतं. १८ तारखेची ड्युरंड कपमधली लढत रद्द झाली, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही क्लबांचे पाठीराखे स्टेडियमबाहेर एकत्र निदर्शनाला उभे राहिले. मोहम्मेडनवालेही आले. लाठ्याही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या.

कोल्हापूरचं नाव छातीवर लावून देशपातळीची लीग खेळलेला एक संघ मात्र आहे. २०१९-२० च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये ‘कोल्हापूर सिटी’ उतरला होता. त्या मुलींना कुणी पेठ विचारल्याचं ऐकिवात नाही.