हरणाऱ्याच्या वाट्याचे श्रेय

बुद्धिबळातील अजरामर डावांची चर्चा निघाली की विजेत्यांची नावे आधी घेतली जातात. परंतु थोर डाव एकट्याने खेळता येत नाही. प्रतिस्पर्धी तोलाचा नसेल, त्याने आव्हान स्वीकारले नसेल, तर विजेत्याच्या प्रतिभेला वावच उरत नाही. या दृष्टीने तीन प्रसिद्ध डाव पाहण्यासारखे आहेत.

पहिला 1851 चा. त्या वर्षी लंडन येथे मोठी आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. 21 जून रोजी, स्पर्धेबाहेर, ब्रेस्लाउ येथील गणिताचे शिक्षक अडॉल्फ अँडरसन आणि पॅरिसचे लायोनेल किझेरित्स्की यांनी सहज म्हणून एक डाव मांडला. मोहऱ्यांची रूढ किंमत वजीर 9, हत्ती 5, उंट व घोडा प्रत्येकी 3 आणि प्यादे 1 अशी धरतात. या हिशेबाने अँडरसन यांनी वजीर, दोन्ही हत्ती, एक उंट व दोन प्यादी मिळून 24 गुणांचे भांडवल गमावले. प्रतिपक्षाची गेली केवळ तीन प्यादी. नुसता जमाखर्च पाहणारा म्हणेल, पेढी बुडाली! परंतु किझेरित्स्कींचा वजीर लूट गोळा करीत दूरच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता आणि त्यांचे दोन्ही हत्ती मूळ घरांतून हललेही नव्हते. भांडवल भरपूर, पण गरजेच्या वेळी हाताशी काही नाही! अँडरसन यांचा एक उंट आणि दोन घोडे एवढ्यांनीच राजाला कोंडले. विशेष हे की, हा डाव किझेरित्स्कींनी स्वतःच आपल्या ‘ला रेजांस’ या मासिकात त्याच वर्षी छापला. आज तो ‘अमर डाव’ म्हणून ओळखला जातो.

दुसरा प्रसंग 1972 चा, आइसलँडमधील रेक्याविक येथील. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्धाची छाया जगज्जेतेपदाच्या त्या लढतीवर पडली होती. बॉबी फिशर पहिला डाव हरले आणि दुसऱ्याला आलेच नाहीत. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, एका लहान खोलीत खेळवावा, ही त्यांची मागणी जगज्जेते बोरिस स्पास्की यांनी मान्य केली. तो डाव फिशर यांनी जिंकला. 23 जुलैच्या सहाव्या डावात एरवी राजापुढील प्यादे हलवणाऱ्या फिशर यांनी वजिराच्या उंटापुढील प्यादे पुढे सारले आणि 41 व्या चालीनंतर स्पास्कींनी हार मान्य केली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यात पराभूत स्पास्कीही सामील झाले. पुढे ते 12½–8½ असे हरून जगज्जेतेपद गमावून बसले. पण त्या टाळ्या आजही आठवल्या जातात.

तिसरा डाव 1999 चा. नेदरलँड्समधील वाइक आन झे येथे गॅरी कास्पारोव यांनी वेसेलिन टोपालोव यांच्यापुढे एक हत्ती अर्पण केला. तो नाकारून राजा एक घर सरकवला असता, तर टोपालोव यांचा डाव सुरक्षित राहिला असता. त्यांनी हत्ती घेतला. मग त्यांचा राजा संपूर्ण पट ओलांडून थेट पांढऱ्यांच्या पहिल्या ओळीपर्यंत खेचला गेला. टोपालोव हरले, पण त्यांच्या त्या धाडसाविना जगाला हा डाव दिसलाच नसता. हेच टोपालोव 2005 मध्ये विश्वविजेते झाले.

स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला दोन्ही बाजूंची प्रत्येक चाल स्वहस्ते लिहावी लागते आणि डाव संपल्यावर अनेकदा दोघेही एकत्र बसून तो पुन्हा तपासतात. तोट्याची नोंद नफ्याइतकीच स्वच्छ अक्षरांत करावी, हे व्यापारी घरांना नवे नाही. मुलगा किंवा मुलगी स्पर्धेतून हरून घरी आली, तर ‘का हरलास?’, ‘का हरलीस?’ असे विचारण्यापूर्वी तो चालींचा कागद पटाशेजारी ठेवावा आणि म्हणावे, ‘चल, पुन्हा मांडू या.’