जुन्या संगणकाचे मोल आणि त्यातील आपले खासगीपण

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बारावीच्या निकालापासून पीकविम्याच्या अर्जापर्यंत सर्व व्यवहार त्याच्या पडद्यावर होऊ लागले आहेत. तरीही संगणक विकत घेताना आपण दोनच प्रश्न विचारतो: केवढ्याला मिळेल, आणि किती वर्षे टिकेल? ह्या यंत्रात जे साठेल ते कोणाच्या मालकीचे असेल, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. ह्या तिन्ही प्रश्नांचा परस्परांशी असलेला संबंध वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूर येथे आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. थोडी कोरडवाहू शेती, जोडीला छोटे दुकान. मुलगी बारावी झाली आणि संगणकशास्त्राच्या पदवीसाठी तिने लातूरला प्रवेश घेतला. लॅपटॉप हवा होता. वडिलांनी आपली अडचण एका वाक्यात सांगितली: "नवं परवडत नाही अन् जुन्याचा भरवसा नाही, मग लेकरानं करायचं काय?" अखेर एका दुकानातून वापरलेला लॅपटॉप घेण्यात आला. घरी आणून मुलीने तो उघडला, तर आधीच्या मालकाच्या घरातील लग्नाची छायाचित्रे, त्याच्या आधारकार्डाची प्रत, बँकेचे खातेपुस्तक, कोणाचा तरी वैद्यकीय अहवाल, सर्व काही त्यात जसेच्या तसे होते. मुलीने ते पुढे न पाहता बंद केले व आम्हाला दूरध्वनी केला. पदरचे पैसे मोजून दुसऱ्याच्या घराची किल्लीही आपल्या हाती आली आहे, हे तिला आपणहून उमगले होते.

प्रथम यंत्राच्या मोलाविषयी. वापरलेले लॅपटॉप बाजारात येतात ते बव्हंशी पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून. कंपन्या तीन-चार वर्षे वापरून ते काढून टाकतात. त्यांचे कवच मजबूत असते आणि सुटे भाग मिळतात. अशा यंत्रात ८ जीबी रॅम असेल आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविलेली असेल, तर पदवीच्या पहिल्या वर्षांचा अभ्यास, लेखन आणि आंतरजालाचा वापर ह्यांसाठी ते पुरेसे ठरते. यंत्र संथ झाले म्हणजे ते म्हातारे झाले असे आपण समजतो. पुष्कळदा दोष केवळ हार्ड डिस्कचा असतो. तेवढी बदलली की तेच यंत्र निराळे वाटू लागते. आमच्या मराठवाड्यात आणखी दोन शत्रू आहेत: धूळ आणि ऊन. पंख्यात साचलेला धुळीचा थर उन्हाळ्यात प्रोसेसरला इतका तापवितो की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. चाकूरच्या त्या लॅपटॉपचा पंखा साफ करून घेतल्यावर त्याची निम्मी तक्रार मिटली. विजेच्या लपंडावामुळे घरगुती डेस्कटॉपला यूपीएस जोडावाच लागतो. लॅपटॉपला त्याची बॅटरीच आधार देते, मात्र जुन्या यंत्राची बॅटरी किती वेळ टिकते हे दुकानातच पाहून घ्यावे.

परंतु यंत्र धडधाकट असूनही ते 'कालबाह्य' ठरविले जाते, आणि खरा वाद येथे सुरू होतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ह्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. ह्यापूर्वी एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी थांबला होता. ह्या वेळी मात्र एक फरक होता. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर अनिवार्य करण्यात आला. त्यामुळे चालू असलेली असंख्य यंत्रे एका नियमाने मागे पडली. कंपनीची बाजू अशी की, किल्ल्या जपणारी चिप असल्यावाचून संगणक खरोखर सुरक्षित होत नाही. ह्यात तथ्य आहे. टीकाकार म्हणतात की, चालते यंत्र भंगारात घालणे हा ग्राहकावर व निसर्गावर अन्याय आहे. ह्यातही तथ्य आहे. आमच्या मते ज्याच्या घरी एकच यंत्र आहे व तेही उसनवारीने आलेले, त्याच्यापुरता दुसरा मुद्दा अधिक वजनाचा आहे.

आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडत नाही. त्यातील नव्याने सापडणारी भगदाडे बुजविली जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देऊ केली. तिचे शुल्क ३० डॉलर ठेवण्यात आले. शुल्क द्यायचे नसेल, तर कंपनीच्या खात्यातून प्रवेश करून आपल्या संगणकाच्या सेटिंग्ज तिच्या क्लाउडमध्ये ठेवाव्यात, असाही मार्ग होता. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना मात्र ग्राहक संघटनांच्या आक्षेपानंतर ह्या अटीतून सूट मिळाली. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. यंत्राचे आयुष्य वाढविण्याची किंमत एक तर रोख, नाही तर आपल्या माहितीच्या रूपाने. यंत्राचे मोल आणि खासगीपण हे दोन वेगळे विषय आहेत असे जे मानतात, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

लिनक्स हा तिसरा मार्ग. त्याला परवाना शुल्क नाही, खाते उघडण्याची सक्ती नाही. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेचे नाव 'परम' महासंगणकामुळे सर्वश्रुत आहे; त्याच सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली आणली आणि त्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. तथापि महाविद्यालयातील एखादी प्रणाली केवळ विंडोजवरच चालत असेल, तर विद्यार्थिनीला लिनक्सचा उपदेश करून उपयोग नाही. आधी महाविद्यालयात विचारावे, मग ठरवावे. चाकूरच्या कन्येने दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर ठेवल्या.

नवा लॅपटॉप घेणाऱ्यांसही एक सूचना. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत रॅम मूळ फलकालाच डाखलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव जगभर कडाडले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉन कंपनीने ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. अशा काळात ज्याच्या यंत्रात रॅमची मोकळी खाच आहे तो भाग्यवान. आपल्या वस्तूची दुरुस्ती करता यावी ह्यासाठी केंद्र शासनाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले. परंतु जे उघडताच येत नाही ते दुरुस्त कसे करावे, ह्याचे उत्तर संकेतस्थळ देऊ शकत नाही.

आता त्या लग्नाच्या छायाचित्रांकडे वळू. आधीच्या मालकाने ती बहुधा पुसलीही नव्हती. पण समजा पुसली असती, तरी ती गेली असती काय? आपण फाईल 'डिलीट' करतो तेव्हा संगणक केवळ तिची नोंद काढतो. मजकूर जागच्या जागी राहतो. सातबाऱ्यावरील नाव खोडले म्हणून शेत नाहीसे होत नाही, तसेच हे. त्या जागेवर नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत साध्या, मोफत मिळणाऱ्या साधनांनी जुना मजकूर परत काढता येतो. घाईने केलेल्या 'क्विक फॉरमॅट'नेही फिरत्या डिस्कवर फारसे निराळे घडत नाही. अशा डिस्कवर सर्वत्र नवा मजकूर लिहून काढणारे पूर्ण फॉरमॅट करावे लागते. एसएसडीची रीत वेगळी आहे. ती आपला मजकूर आतल्या आत हलवीत असते, म्हणून वरून लिहून काढल्याने सर्व पुसले गेल्याची खात्री देता येत नाही. उत्पादकाने दिलेली 'सिक्युअर इरेज' आज्ञा वापरावी लागते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे यंत्र घेतल्या दिवसापासून डिस्क कूटबद्ध ठेवणे. मग विकताना किल्ली नष्ट केली की मागे उरतो तो निव्वळ निरर्थक अक्षरांचा ढिगारा. पण हीच किल्ली आपण स्वतः हरवली, तर आपलाही मजकूर कायमचा गेला. विंडोज ११ मध्ये ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते. खात्याचा परवलीचा शब्द विसरणाऱ्यांनी ती कागदावर उतरवून घरातील कागदपत्रांसोबत ठेवावी. मोबाइल देताना आधी त्यातील खाते काढावे, नंतर फॅक्टरी रीसेट करावे. क्रम चुकला की नव्या मालकास कुलूपबंद मोबाइल मिळतो आणि तो आपल्या दारी येतो.

खासगीपणाला कायद्याचा आधार अलीकडेच मिळाला आहे. न्यायमूर्ती पुट्टस्वामी ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलास १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे असे समजून संस्थांनी स्वस्थ बसू नये. शाळा, दवाखाने, धर्मग्रामाची कार्यालये ह्या सर्वांच्या संगणकांत लोकांची नावे, जन्मतारखा व कौटुंबिक तपशील असतात. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागेल, हेही ध्यानात असावे.

दुसऱ्या बाजूस शासनाचे अधिकार आहेत. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६९ व्या कलमान्वये राष्ट्राच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी संगणकातील मजकूर पाहण्याचा व तो उलगडून मागण्याचा अधिकार शासनास आहे. सहकार्य नाकारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. हे कलम आजच्या रूपात आणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २००६ मध्ये लोकसभेत मांडले गेले, तेव्हा देशाचे गृहमंत्री चाकूरचेच सुपुत्र शिवराज पाटील होते. विधेयक त्यांच्या खात्याचे नव्हते आणि ते डिसेंबर २००८ मध्ये संमत झाले तेव्हा त्यांनी पद सोडलेले होते. पण लोकसभेचे सभापती ह्या नात्याने संसदेच्या संगणकीकरणास ज्यांनी चालना दिली, त्यांच्याच गावी आज हा प्रश्न एका विद्यार्थिनीच्या मांडीवर येऊन बसला आहे, ह्याची नोंद घ्यावीशी वाटते.

ह्या अधिकाराची दुसरी बाजू आपल्या समाजाने फार जवळून पाहिली आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ह्यांचा संगणक पुणे पोलिसांनी १२ जून २०१९ रोजी रांचीजवळील त्यांच्या निवासस्थानातून जप्त केला. ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात कोठडीत असतानाच त्यांचे निधन झाले. खटला तोवर उभाही राहिला नव्हता. आरोपींच्या वकिलांच्या वतीने त्यांच्या डिस्कच्या प्रतीची तपासणी करणाऱ्या 'आर्सेनल' ह्या अमेरिकन संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला: २०१४ पासून त्या संगणकात कोणी तरी दुरून प्रवेश मिळविला होता, त्यात कागदपत्रे ठेवली होती, आणि जप्तीच्या आदल्या दिवशी आपल्या खुणा पुसण्याचा प्रयत्न केला होता. राष्ट्रीय तपास यंत्रणेने ह्या संस्थेच्या अहवालांवर विसंबण्यास न्यायालयात विरोध केला आहे. निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. पण एक गोष्ट संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी: यंत्र आपल्या टेबलावर असणे आणि ते आपल्या ताब्यात असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण न लिहिलेला कागद आपल्या संगणकात सापडू शकतो.

म्हणूनच जप्तीच्या वेळी 'हॅश' ह्या संख्येला एवढे महत्त्व आहे. डिस्कवरील सर्व मजकुरावरून गणिताने काढलेली ही एक लांबलचक संख्या होय. मजकुराच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना! एक स्वल्पविराम बदलला तरी संपूर्ण संख्या बदलते. जप्तीच्या क्षणी ती नोंदवून तिची प्रत मालकास दिली, तर नंतर कोणी काही घातले वा काढले काय, हे पडताळता येते. मात्र जप्तीपूर्वीच आत ठेवलेले ती दाखवू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रात ही संख्या देणे आवश्यक केले आहे, आणि त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केले आहे.

आमच्या कार्यालयातही एक जुना संगणक आहे. त्यावर एक्सपी आहे, तो आंतरजालाला जोडलेला नाही, आणि भंगारवाला त्याचे काहीही देणार नाही. तरी तो आम्ही काढलेला नाही. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टंकला जाई, त्यातील प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी होती. तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्या फाईल उघडल्या तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. आमची कित्येक वर्षांची पत्रके त्या यंत्रात आहेत. चाकूरची ती विद्यार्थिनी सुट्टीत येऊन ती एकेक करून युनिकोडमध्ये रूपांतरित करीत आहे. रूपांतरात 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' बिघडतात, म्हणून प्रत्येक पान दोनदा वाचावे लागते. काम संपले की यंत्र अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जाईल. डिस्क मात्र आधी बाहेर काढावयाची, असे तिने आम्हाला बजावून ठेवले आहे.