निर्भय संपादक हसरत मोहानी

विद्यार्थी मित्रांनो, मौलाना हसरत मोहानी हे नाव तुम्हांला नवीन नाही. उर्दूच्या तासाला त्यांच्या गझला तुम्ही वाचल्या असतील. पण हा नाजूक गझला लिहिणारा शायर तीन वेळा तुरुंगात गेला, हे तुम्हांला माहीत आहे का? त्यांनी चोरी केली नव्हती की कोणावर हात उगारला नव्हता. मग त्यांचा गुन्हा कोणता? या पाठात आपण तेच समजून घेऊ.

त्यासाठी आधी एक शब्द नीट समजला पाहिजे. तो शब्द म्हणजे 'नागरी स्वातंत्र्य'. आपले मत बोलता यावे, लिहिता यावे, छापता यावे. सभा भरवता यावी. आणि गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय कोणी आपल्याला डांबून ठेवू नये, याला नागरी स्वातंत्र्य म्हणतात. इंग्रजांच्या राज्यात हे स्वातंत्र्य फार थोडे होते. १८७० साली त्यांनी दंडसंहितेत १२४-अ हे कलम घातले. सरकारविषयी लोकांच्या मनात अप्रीती निर्माण करणे हा त्या कलमाने गुन्हा ठरला. अप्रीती म्हणजे प्रेम नसणे. जणू सरकारवर प्रेम करण्याची कायद्याने सक्तीच केली! या गुन्ह्याला राजद्रोह म्हणत.

हसरत यांचे मूळ नाव सय्यद फज्लुल हसन. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात मोहान नावाचे गाव आहे. ते त्यांचे जन्मगाव, म्हणून ते 'मोहानी' झाले. त्यांचे उच्च शिक्षण अलीगढच्या कॉलेजात झाले. १९०३ साली ते बी. ए. झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळत असे. हसरत यांनी मात्र त्याच वर्षी 'उर्दू-ए-मुअल्ला' नावाचे मासिक काढले. त्यात शायरी असे आणि राजकारणही असे.

राजकारणात त्यांनी लोकमान्य टिळकांना गुरू मानले. १९०७ साली सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेसमध्ये फूट पडली. तेव्हा हसरत टिळकांच्या जहाल गटाबरोबर बाहेर पडले. महाराष्ट्रातला एक मराठी संपादक आणि अलीगढचा एक उर्दू संपादक यांचे नाते असे जुळले. पुढे १९२० साली टिळकांचे निधन झाले, तेव्हा हसरत यांनी त्यांच्यावर शोककाव्य लिहिले.

आता १९०८ सालची गोष्ट ऐका. 'उर्दू-ए-मुअल्ला'त इजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक लेख छापून आला. लेखाखाली लेखकाचे नाव नव्हते. सरकारला तो लेख राजद्रोही वाटला. पोलीस संपादकाकडे आले. हसरत यांनी लेखकाचे नाव सांगितले असते, तर कदाचित त्यांची सुटका झाली असती. पण त्यांनी नाव सांगितले नाही. मासिक माझे आहे, तेव्हा जबाबदारीही माझीच, असे म्हणून त्यांनी सारा दोष स्वतःवर घेतला. जून १९०८ मध्ये त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात मुंबईत टिळकांनाही 'केसरी'तील लेखांबद्दल अटक झाली. गुरू आणि शिष्य एकाच वेळी, एकाच कलमाखाली पकडले गेले. टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवण्यात आले.

हसरत यांना सक्तमजुरीची शिक्षा आणि पाचशे रुपये दंड झाला. एवढे पैसे त्यांच्याजवळ कुठून असणार? दंड वसूल करण्यासाठी त्यांचा पुस्तकांचा संग्रह कवडीमोल भावाने लिलावात विकला गेला. कितीतरी वर्षे निगुतीने जमवलेली ती पुस्तके होती. स्वतः हसरत अलाहाबादच्या नैनी तुरुंगात जाते ओढत होते. रोज सुमारे एक मण, म्हणजे जवळजवळ सदतीस किलो धान्य त्यांना दळावे लागे. हात सोलून निघत. तरी दळता दळता ते मनात शेर रचत. इकडे घरी लहान मुलगी आजारी होती. पण त्यांच्या पत्नी निशातुन्निसा बेगम यांनी खचून न जाता पतीला धीर दिला. पुढेही प्रत्येक संकटात त्या हसरत यांच्यामागे खंबीरपणे उभ्या राहिल्या.

सुमारे एका वर्षाने हसरत सुटले आणि त्यांनी मासिक पुन्हा सुरू केले. मग सरकारने दुसरा उपाय शोधला. १९१० साली छापखान्यांसाठी नवा कायदा आला. या कायद्याने सरकार छापखान्याकडून मोठी रक्कम जामीन म्हणून मागू शकत असे. न आवडणारे काही छापले की ती रक्कम जप्त होई. १९१३ साली हसरत यांच्याकडे तीन हजार रुपये जामीन मागण्यात आला. म्हणजे पाहा, लेखणीवर बंदी न घालताही लेखणी बंद पाडता येते! छापखाना बंद पडला. पण हसरत थांबले नाहीत. त्यांनी स्वदेशी मालाचे दुकान उघडले.

१९१६ साली त्यांना नजरकैदेचा हुकूम झाला. ललितपूरला जाऊन राहा, असे सरकारने फर्मावले. गुन्हा कोणता, ते सांगितले नव्हते. खटलाही चालवला नव्हता. असा हुकूम मी मानणार नाही, असे हसरत यांनी ठरवले आणि दुसऱ्यांदा तुरुंगवास पत्करला.

डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे हसरत यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. गांधीजींनी त्याला विरोध केला. आधी आपली शक्ती गोळा करू, खोली ठाऊक नसलेल्या पाण्यात उतरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव पडला. गांधीजी साऱ्या देशाचे आवडते नेते होते. त्यांच्यासमोर उभे राहून वेगळे मत मांडणे सोपे नव्हते. पण मतभेद म्हणजे वैर नव्हे, हे दोघांनाही माहीत होते. आठ वर्षांनी, १९२९ साली, लाहोरला काँग्रेसने संपूर्ण स्वातंत्र्य हेच आपले ध्येय ठरवले. 'इन्किलाब झिंदाबाद' ही घोषणाही हसरत यांनीच दिली असे मानले जाते. भगतसिंगांनी ती देशभर पोहोचवली.

अहमदाबादलाच मुस्लिम लीगच्या अधिवेशनात हसरत यांनी अध्यक्षीय भाषण केले. त्यावरून १९२२ साली त्यांच्यावर पुन्हा खटला झाला. या वेळी ते आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. तेथेही त्यांनी गझला लिहिल्या.

हसरत यांची राहणी अगदी साधी होती. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने ते प्रवास करत. ते अनेकदा हजला गेले आणि जन्माष्टमीला मथुरेलाही जात. लोक काय म्हणतील, याची त्यांनी कधी पर्वा केली नाही.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. हसरत भारतातच राहिले. ते संविधान सभेचे सभासद होते. तेथेही त्यांनी आपला स्वभाव सोडला नाही. ही सभा सर्व प्रौढ नागरिकांनी निवडलेली नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मे १९४९ मध्ये भारताने राष्ट्रकुलात राहण्याच्या निर्णयाला त्यांनी विरोध केला. शेवटी संविधानाच्या मसुद्यालाही त्यांनी विरोध नोंदवला. बहुमताने त्यांचे म्हणणे मानले नाही. पण या वेळी पोलीस आले नाहीत. जामीन मागितला गेला नाही. पुस्तकांचा लिलाव झाला नाही. उलट, त्यांची भाषणे सभेच्या कामकाजाच्या वृत्तांतात जशीच्या तशी छापली गेली. आजही ती वाचायला मिळतात.

१३ मे १९५१ रोजी लखनौला त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आपल्या संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याला काही वाजवी मर्यादा आहेत. हे स्वातंत्र्य आपल्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी आहे, तसेच आपल्या विरुद्ध बोलणाऱ्यांसाठीही आहे. वर्गात तुमच्या मताविरुद्ध एखादा मुलगा किंवा मुलगी एकटी उभी राहील, तेव्हा हसरत यांची आठवण ठेवा आणि तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.

शब्दार्थ
संपादक – मुदीर
खटला – मुकदमा
सक्तमजुरी – कैद-ए-बामशक्कत
दंड – जुर्माना
नजरकैद – नजरबंदी
ठराव – करारदाद
संविधान – आईन
निगुतीने – काळजीपूर्वक
कवडीमोल – अगदी कमी किमतीचे

स्वाध्याय
१. हसरत यांनी लेखकाचे नाव का सांगितले नाही?
२. लेखणीवर बंदी न घालता ती कशी बंद पाडता येते? पाठाच्या आधारे सांगा.
३. 'मतभेद म्हणजे वैर नव्हे' हे वाक्य एक उदाहरण देऊन समजावून सांगा.