अडीच तास, पाच फोटो

मागच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वहीवर सह्या झाल्या आणि आमच्या एका ताईंनी विषय काढला. त्यांच्या मुलीला कॉलेजातून युवा महोत्सवाच्या फोटो स्पर्धेला पाठवायचं चाललंय. त्या म्हणाल्या, "अडीच तासांत पाच फोटो काढायचे, म्हणे. यात स्पर्धा कसली? लग्नातला फोटोवाला तेवढ्या वेळात पाचशे काढतो." मग जरा आवाज खाली करून म्हणाल्या, "आणि कॅमेऱ्याला गटातून कर्ज मिळेल का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

या स्पर्धेला आपल्याकडे 'स्थळ छायाचित्रण' म्हणतात. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात नाच, गाणी, एकांकिका असतात, तसाच ललित कलांचा एक विभाग असतो. रांगोळी, मातीकाम, व्यंगचित्र, पोस्टर आणि त्यातच हे. कॉलेजातून विद्यापीठाच्या महोत्सवात, तिथून राज्याच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवात आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय व राष्ट्रीय महोत्सवात, अशी ही चढण आहे.

संघाच्या नियमांत वेळ अडीच तासांचा आहे. विषय जागेवरच सांगतात, आधी कुणालाच माहीत नसतो. स्पर्धा सुरू होण्याआधी प्रत्येकाचं मेमरी कार्ड फॉरमॅट करतात, म्हणजे पूर्ण कोरं करतात. का? तर घरून काढून आणलेला सुंदर फोटो कुणी मध्येच घुसवू नये म्हणून. त्यामुळे कार्ड घरीच रिकामं करून न्यायचं. भाचीच्या बारशाचे फोटो त्यात राहिले असतील तर ते तिथे जातील आणि कुणालाच दोष देता येणार नाही.

संगणकावर फोटो सुधारायला परवानगी नाही. दोन फोटो जोडणं नाही, रंग खुलवणं नाही. कॅमेऱ्यातून निघेल तोच फोटो द्यायचा. लग्नातल्या फोटोवाल्याशी तुलना इथेच संपते. तो पाचशे काढतो, पण नंतर आठवडाभर बसून चांगले निवडतो, चेहरे उजळतो, कडेचा खांब कापून टाकतो. इथे कडेला खांब आला तर तो फोटोत राहिलाच.

आणखी एक बारकी गोष्ट. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तो कधी काढला, ती तारीख आणि वेळ आपोआप लिहिली जाते. कॅमेरा बरेच दिवस बॅटरीशिवाय पडून असेल तर त्याचं घड्याळ चुकतं. मग खरा फोटोसुद्धा संशयात सापडू शकतो. आदल्या रात्री घड्याळ लावून ठेवावं.

कॅमेरा बारा मेगापिक्सेलपर्यंतचा असावा, असंही नियमात आहे. साधारण चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार उंच, एवढं ते चित्र. छापलं तर तेरा बाय दहा इंचांचं स्वच्छ येतं. म्हणजे महागड्या कॅमेऱ्याची इथे मिजास नाही. आता नव्या कॅमेऱ्यांची क्षमता याच्या दुप्पट असते. सेटिंगमध्ये चित्राचा आकार कमी करून चालेल का आणि मोबाइल चालतो का, हे कॉलेजातल्या सरांना किंवा मॅडमना विचारून घ्यावं. प्रत्येक विद्यापीठ आपलं परिपत्रक काढतं, शेवटी ते वाचायचं.

आता कर्जाचं. माझं मत सरळ आहे, एका स्पर्धेसाठी गटातून कॅमेऱ्याचं कर्ज घेऊ नका. कॉलेजात कॅमेरा असतो का, ते आधी विचारा. नाही तर गावातल्या स्टुडिओवाल्या दादांकडून दोन दिवसांसाठी मागा. पण पडला, बिघडला तर भरपाई कोण देणार, हे कागदावर लिहून घ्या. ओळखीत लिहायचं कसं, असं वाटतं ना? ओळख टिकावी म्हणूनच लिहायचं. आणि तो कॅमेरा मुलीच्या हातात स्पर्धेआधी निदान एक दिवस असू द्या. कुठलं बटण कुठे आहे, हे शोधण्यात वीस मिनिटं गेली तर अडीच तासांतलं उरतं किती?

समजा, विषय आला 'प्रतीक्षा'. सगळी मुलं एसटी स्टँडकडे पळणार आणि बाकावर बसलेल्या आजोबांचा फोटो काढून आणणार. तीस जणांचे तीस आजोबा. म्हणून पहिली दहा मिनिटं कॅमेरा गळ्यात ठेवून कागद घ्यावा. वाट कोण कोण पाहतं? रेशनच्या दुकानापुढे एकापुढे एक ठेवलेल्या पिशव्या. गिऱ्हाइकाची वाट पाहत मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणारा हात. दवाखान्याच्या दारात काढलेल्या चपला. यातल्या दोन चित्रांत माणूसच नाही, तरी वाट पाहणं दिसतं. परीक्षक पाचही फोटो एकत्र पाहतात. एकच आजोबा पाच बाजूंनी दाखवले तर चार फोटो वाया गेले.

गुण कशाला असतात? मनावर होणारा परिणाम, चित्राची मांडणी, तांत्रिक दर्जा आणि विषयाशी नातं. मांडणी म्हणजे काय, हे रांगोळी काढणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. कुठे भरायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, एवढंच ते आहे.

उजेडाचं मात्र शिकावं लागतं. विषय मिळून मुलं बाहेर पडतात तेव्हा अनेकदा ऊन डोक्यावर आलेलं असतं. त्या उन्हात डोळ्यांखाली, नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. अशा वेळी ओसरी, दुकानाची पडवी, झाडाची दाट सावली, उघड्या दाराच्या आतली जागा, अशा ठिकाणी एका बाजूने येणारा मऊ उजेड शोधायचा. कॅमेऱ्याची आणखी एक खोड आहे. समोर सगळं पांढरं असेल, धोतर, टोप्या, चुन्याची भिंत, तर त्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो फोटो मळकट करून टाकतो. तेव्हा अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने उजेड थोडा वाढवायचा. उलट, काळोख्या खोलीत एकच पांढरी टोपी असेल तर ती जळून पांढरा डाग होते. तिथे उणे करायचं. फोटो सुधारता येणार नसल्यामुळे हे एक बटण फार मोलाचं.

वेळेची वाटणी अशी करावी: दहा मिनिटं विचार, दीड तास फोटो, आणि शेवटची तीस-पस्तीस मिनिटं परत येऊन निवड. उरलेला वेळ चालण्यात जातोच. कितीही फोटो काढून त्यातले पाच द्यायचे की पाचच काढायचे, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावं. घाईत नको ते पुसायला जाऊ नये, हवा तोच पुसला जातो. आवडलेल्या फोटोचा नंबर कागदावर टिपावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत किल्लीच्या चिन्हाची सोय असते, ती लावली की तो फोटो पुसला जात नाही.

होमाई व्यारावाला हे नाव काही जणींनी ऐकलं असेल. १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावावर छापले जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्या वापरत त्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघायचे. बटण दाबण्याआधी विचार करावाच लागायचा.

आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते. वेळ कमी असला की मुलं माणसांच्या तोंडावर कॅमेरा धरतात. बाजारात बसलेल्या आपल्या गटातल्या कितीतरी बायकांनी हे सोसलंय. न विचारता फोटो काढायचा आणि खाली नाव द्यायचं 'दारिद्र्य'. ती बाई पहाटे चारला उठून माल घेऊन आलेली असते, तिच्या दिवसाला ते नाव देणारे आपण कोण? मुलीला शिकवा: आधी बोल, "मावशी, कॉलेजच्या स्पर्धेसाठी तुमचा फोटो काढू का?" विचारायला अर्धं मिनिट लागतं. नाही म्हणाल्या तर पुढे जायचं. लहान मुलांचा असेल तर आईबापांना विचारायचं. आणि नियमानुसार दिलेले फोटो वापरायचा हक्क आयोजकांकडे राहतो, म्हणजे तो चेहरा उद्या एखाद्या पोस्टरवर येऊ शकतो. हेही त्या मावशींना सांगायला हवं. "तुम्ही विचारलंत तर त्या ताठ होऊन बसतात, फोटो बिघडतो," असं मुलं म्हणतात. पाच मिनिटं गप्पा मारत थांबलं की बाई पुन्हा आपल्या कामाला लागते, तेव्हा काढावा.

परक्या गावात मुलगी एकटी फिरणार, ही आईची काळजी खरी आहे. कुठल्या हद्दीत फिरायचं हे आयोजकांना विचारावं, संघाबरोबरच्या शिक्षकांचा नंबर आईकडेही असावा, फोन पूर्ण चार्ज असावा. पण या काळजीपोटी तिला घरी ठेवू नका.

सराव घरीच होतो आणि त्याला मोबाइल पुरतो. रविवारी तिला एक शब्द द्या, 'ओझं' म्हणा, 'सावली' म्हणा, आणि घड्याळ लावून चाळीस मिनिटं. परत आली की तिच्या पाच फोटोंपुढे अशा कुणाला तरी बसवा ज्यांना तो शब्द माहीत नाही. सासूबाई, शेजारच्या काकू, कुणीही. त्यांना विचारा, यात काय दिसतं? त्यांनी शब्दाच्या जवळपासचं काही सांगितलं तर जमलं.

एका संस्थेतून या प्रकाराला एकच स्पर्धक जातो, त्यामुळे कॉलेजातच आधी निवड होते. परिपत्रक फलकावर लागेपर्यंत थांबू नका. कॉलेज उघडलं की पहिल्याच आठवड्यात मुलीला विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे पाठवा आणि नाव देऊन यायला सांगा.