कॅमेरा हलत नाही, गाडी हलतेय

गेल्या पावसाळ्यात पौड, मुळशी करत ताम्हिणी घाट उतरले आणि निजामपूरवरून माणगावपर्यंत जाऊन आले. हँडलवर छोटा ॲक्शन कॅमेरा लावला होता. घरी येऊन चित्रण बघायला बसले आणि पाच मिनिटांत डोकं धरलं. धबधबे होते, धुकं होतं, ओल्या रस्त्याची ती काळीभोर चकाकी होती. पण प्रत्येक बारीक खड्ड्याला चित्र टचकन उडत होतं. वाटलं, माउंट सैल असेल. आवळला. दुसरा आणला. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. तरी तेच.

शेवटी तो व्हिडिओ मोबाइलवर घेऊन आमच्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी अर्धा मिनिट बघितला, मोबाइल परत दिला आणि गाडी डबल स्टँडवर चढवली. पोऱ्याला कॅरिअर दाबून धरायला सांगितलं, म्हणजे पुढचं चाक उचललं गेलं. मग पुढच्या फोर्कची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून त्यांनी पुढे-मागे हिसका दिला. कट्ट. पुन्हा हिसका, पुन्हा कट्ट. "ताई, कॅमेरा हलत नाहीये, गाडी हलतेय. कोनसेट सैल झालाय."

कोनसेट म्हणजे हँडल ज्या मानेवर वळतं तिथल्या वरच्या-खालच्या वाट्या आणि त्यांत फिरणाऱ्या गोळ्या. त्या झिजल्या किंवा वरचा नट सैल पडला, की पुढचा सगळा भाग किंचित खेळायला लागतो. ब्रेक दाबला की हाताला ठोका लागतो, वेगात हँडल थरथरतं. उलट, कोनसेट जास्त आवळला किंवा वाट्यांना खाचा पडल्या, तर हँडल सरळ रेषेत अडकल्यासारखं वाटतं आणि खड्डे चुकवताना गाडी जड लागते. पंधराच दिवसांपूर्वी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण सर्व्हिसिंग करून आणलेली ही गाडी. बिलावर डझनभर ओळी होत्या. पुढचं चाक उचलून एक हिसका मात्र कोणी दिला नव्हता. घाटाच्या वळणावर हे बिघडलं असतं तर, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

तेव्हापासून मी चित्रण करते ते आधी गाडीची तब्येत बघायला आणि मग आठवण म्हणून. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन चित्र गुळगुळीत करतं, त्यामुळे दोषही झाकले जातात. म्हणून महिन्यातून एकदा ते बंद करते, ओळखीच्या रस्त्यावर दहा मिनिटं गाडी चालवते आणि घरी येऊन नीट बघते. थरथर एकच दिसली तरी तिच्या जाती वेगळ्या असतात.

खड्ड्यालाच उडी मारणारं चित्र म्हणजे काहीतरी सैल आहे: माउंट, कोनसेट नाहीतर हँडलचे क्लॅम्प. वेगाबरोबर वाढणारं डोलणं चाकातून येतं. मोटारसायकलच्या चाकाचा घेर जवळपास दोन मीटर असतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या आसपास जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला आठ-साडेआठ फेरे होतात. रिम आउट असेल, टायर नीट बसला नसेल, तर हे डोलणं डोळ्यांना सरळ दिसतं. तिसरी जात इंजिनाची. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो आणि प्रत्येक वेळी सबंध गाडीला धक्का देतो. बॅलन्सर शाफ्ट असलेल्या इंजिनात उलट फिरणारं वजन हा धक्का बराचसा खाऊन टाकतं. जुन्या, बॅलन्सर नसलेल्या गाड्यांत तो थेट हँडलपर्यंत पोहोचतो. मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर इंजिन सेकंदाला ७५ वेळा फिरतं. एवढी जलद थरथर डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्याला छळते. कारण ॲक्शन कॅमेरे आणि मोबाइल यांचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत कॅमेरा हललेला असतो. मग विजेचे खांब सापासारखे वळवळतात आणि समोरचा ट्रक जेलीसारखा थुलथुलतो.

चाक की इंजिन, अशी शंका आली तर रिकाम्या सरळ रस्त्यावर क्लच दाबून थ्रॉटल सोडून बघा. इंजिनाच्या फेऱ्या खाली येतात, चाकं त्याच वेगाने फिरत राहतात. थरथर तशीच राहिली तर चाकाकडे बघायचं, गेली तर इंजिनाकडे.

आता चेन. खंडेनवमीला, दसऱ्याला आपण गाडी धुतो, पुसतो, झेंडूचा हार घालतो. त्या दिवशी ज्या भागाकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला हवं तो खाली, काळ्या चिकट थराखाली दबलेला असतो. कोकणातून आलेल्या गाडीच्या चेनवर लाल माती आणि जुनं तेल यांचा लगदा बसतो. बोटांत घेऊन चोळून बघा, पॉलिश पेपरसारखा लागतो. तो प्रत्येक फेऱ्याला चेन आणि स्प्रॉकेटचे दात दोन्ही खात असतो. चेन "लांबली" असं आपण म्हणतो, पण पत्रे ताणले जात नाहीत. आतल्या पिना आणि बुशा झिजतात, प्रत्येक कडीत केसभर फट पडते आणि शंभरच्या वर कड्यांच्या या फटी मिळून चेन खाली लोंबते.

माझी पद्धत सांगते. रात्री घरी आल्यावर, चेन कोमट असतानाच गाडी डबल स्टँडवर घेते. इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात टाकते. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे लोक मी पाहिले आहेत. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं गेलं की बोटं त्याच्यामागे जातात. चाक हातानेच फिरवायचं. जुना ब्रश रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून चारही बाजूंनी घासते, कोरड्या फडक्याने पुसते, मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोडते. चाक फिरलं की तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणून ते आतून दिलं तर रोलरपर्यंत पोहोचतं. रात्रभर तसंच ठेवून सकाळी वरचं जादा तेल पुसून काढते. ज्यांच्या चेनमध्ये कड्यांच्या मध्ये बारीक रबरी ओ-रिंग असतात त्यांनी पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही टाळावं. ओ-रिंग फाटली की आत कंपनीने भरलेलं ग्रीस निघून जातं आणि ते परत भरता येत नाही. उन्हाळ्यात पाचशे किलोमीटरला एकदा हे पुरतं. पावसात मात्र प्रत्येक मोठ्या फेरीनंतर करते.

ताण बघताना खालच्या पट्ट्याच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून बघायचं. बऱ्याच साध्या गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर खेळ लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत सगळ्यांत घट्ट जागा शोधून तिथेच माप घ्यायचं. पूर्ण चेनकव्हर असलेल्या गाड्यांना खाली रबरी बूच असतं, ते काढून आत बोट घालता येतं. ताण दिल्यावर स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बघा. डावीकडे तीन आणि उजवीकडे चार रेघा आल्या तर चाक तिरकं बसलं, आणि ते चाक नवी चेनही खाऊन टाकेल.

बाकीचं थोडक्यात. टायरची हवा गाडी थंड असताना, घराजवळच्या पंपावर भरावी. वीस किलोमीटर चालवून तपासली तर आकडा वाढलेला दिसतो आणि आपण फसतो. डिस्कब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. कोऱ्या चहासारखं काळपट दिसलं तर त्याआधीच. इंजिन ऑइलच्या डब्यावर जॅसोची खूण बघा: गिअरच्या गाडीला एमए किंवा एमए२, गिअर नसलेल्या स्कूटरला एमबी. मोटारीचं ऑइल स्वस्तात मिळालं म्हणून मोटारसायकलमध्ये ओतू नये, क्लच घसरायला लागतो.

एवढं झालं की कॅमेरा लावण्यात अर्थ आहे. या छोट्या कॅमेऱ्यांची कहाणी पाण्यात सुरू झाली. लाटांवर सर्फिंग करणाऱ्या निक वुडमन यांनी २००२ मध्ये गोप्रो कंपनी काढली आणि २००४ मध्ये पहिला कॅमेरा विकला. तो ३५ मिलिमीटर फिल्मचा होता आणि मनगटाला बांधायचा होता. माणसाचं मनगट आणि कोपर हादरे पचवतात. लोखंडी हँडल पचवत नाही, उलट इंजिनाचा प्रत्येक हादरा पुढे पोहोचवतं. मोबाइलचं तर आणखी नाजूक. अनेक फोनमध्ये लेन्स बारीक स्प्रिंगांवर तरंगती ठेवलेली असते आणि हात हलला की ती उलट दिशेने सरकते. मोटारसायकलच्या जोरदार कंपनांमुळे ही यंत्रणा खराब होऊ शकते, असं ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना सांगितलं. नकाशा बघण्यासाठी दिवसभर हँडलवर फोन लावणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते: कंपन शोषणारा होल्डर घ्या, नाहीतर फोन खिशात ठेवून कानाने रस्ता ऐका.

हेल्मेटवर, हनुवटीपाशी कॅमेरा लावला की चित्र सगळ्यांत सुरेख येतं, कारण मान आणि पाठीचा कणा हेच उत्तम शॉकॲब्सॉर्बर आहेत. तरी मी तिथे लावत नाही. हेल्मेटचं कवच गोल आणि गुळगुळीत असतं ते पडल्यावर डोकं रस्त्यावरून घसरत जावं म्हणून. त्यावर उंचवटा बसवला की तो कुठेतरी अडकून मानेला पीळ बसण्याचा धोका राहतो. केरळच्या मोटार वाहन विभागाने हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांवर कारवाईही केली आहे. मी छातीवरचा पट्टा वापरते. सरळ बसायच्या गाडीवर त्यातून हात, हँडल आणि रस्ता तिन्ही दिसतात. पुढे वाकून बसायच्या गाडीवर मात्र फक्त टाकी दिसते. रेनकोट घातल्यावर हा पट्टा निरुपयोगी, म्हणून पावसात कॅमेरा हँडलवर जातो.

हँडलवर लावताना हात जितका आखूड तितका बरा. प्रत्येक सांधा म्हणजे एक बिजागरी, आणि लांब दांडीच्या टोकाला हादरा वाढतो. चिकटपट्टीचा माउंट असेल तर जागा स्पिरिटने पुसून, कोरडी करून चिकटवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. कॅमेऱ्याला दोरी बांधाच, पण ती इतकी आखूड हवी की कॅमेरा निसटला तरी चाकापर्यंत लोंबणार नाही. मग निघण्याआधी हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा: कुठे अडत नाही ना, केबल ओढली जात नाही ना, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप परत येतो ना. चार्जरची वायर ब्रेकच्या नळीला किंवा एबीएसच्या सेन्सरच्या वायरीला बांधू नका, आणि बॅटरीवरून घेताना फ्यूज टाका. बटण गाडी उभी असतानाच दाबायचं. चालत्या गाडीवर एका हाताने कॅमेऱ्याशी झटापट करणारे दिसले की माझ्या पोटात गोळा येतो.

सेटिंगमधली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवा. ३० किंवा ६० वर ठेवला तर कात्रजच्या बोगद्यातले दिवे चित्रणात लुकलुकताना दिसू शकतात. आणि कार्डाचा हिशोब आधी करा. सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाने चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. धबधब्याखाली भिजणाऱ्या लोकांची तोंडं आणि गाड्यांचे नंबर मी कुठेही टाकण्याआधी धूसर करते. ते सुट्टी घालवायला आलेले असतात, माझ्या व्हिडिओत यायला नव्हे.

कोनसेट बदलल्यावर मी त्याच रस्त्याने, त्याच जागी कॅमेरा लावून पुन्हा गेले. खड्ड्यांवरची ती टचकन उडी गेली होती. पण साठच्या वेगाला, क्लच दाबल्यावरही, क्षितिज हलकेच डोलत होतं. म्हणजे चाक. काल संध्याकाळी गाडी डबल स्टँडवर घेऊन लहान पाना हातात घेतला आणि मागच्या चाकाचा एकेक आरा वाजवत गेले. घट्ट आरा टणत्कार देतो. व्हॉल्व्हपासून सातवा आरा फक्त थप्प वाजला, आणि त्याच्या शेजारचाही. त्या दोघांना खडूने खूण करून ठेवली आहे. उद्या काकांकडे.