संत्र्याचे कलम आणि हवेची तहान

पावसाळा लागला की वरूड, मोर्शी, शेंदूरजनाघाट या भागांतील रोपवाटिकांमधून संत्र्याची कलमे बाहेर पडू लागतात. बहुतेक शेतात जातात; एखादे अमरावती-अकोल्याच्या घरामागील अंगणातही येते. काही कलमे मात्र आठवड्याभरातच माना टाकतात. मग "आपल्या हाताला गुण नाही," असे घरात म्हटले जाते. वास्तविक हा प्रश्न हाताचा नसून पाण्याच्या जमाखर्चाचा आहे.

झाड पाणी खर्च करते पानांतून. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर जाते, तसे खोडातील बारीक नळ्यांमधले पाण्याचे अखंड धागे वर ओढले जातात. जमा होते मुळांतून, आणि तीही मुख्यतः टोकांजवळच्या कोवळ्या, बारीक मुळ्यांतून. रोप उपटताना नेमक्या याच मुळ्या तुटतात. जमा एकदम घटते, पण खर्च चालूच राहतो.

हा खर्च किती? विद्यार्थी मित्रांनो, एक हिशेब करू. ४२ अंश सेल्सिअस तापमानाला संपृक्त बाष्पाचा दाब सुमारे ६१.५ मिलिमीटर पारा असतो. मे महिन्यातील दुपारी सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरली, तर हवेत ५२ मिलिमीटरची तूट राहते. हीच हवेची तहान! जुलैत २८ अंशांना संपृक्त दाब २८.३ मिलिमीटर, आर्द्रता ८० टक्के धरली तर तूट अवघी ५.७ मिलिमीटर. म्हणजे मे महिन्याची हवा सुमारे नऊपट तहानलेली! पाने छिद्रे मिटून काही पाणी वाचवतात. पण मग कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि अन्न तयार होणे थांबते.

थंड देशांत घरच्या बागेतील रास्पबेरीची झाडे पाने गळाल्यावर हलवितात. पानेच नसल्याने खर्चही नाही. आपले संत्रे सदाहरित. म्हणून आपण पानगळीऐवजी पावसाळी हवेचा आधार घेतो. ढगाळ दिवस किंवा सायंकाळ निवडावी.

पिशवी कापून मुळांभोवतीची माती न फोडता कलम खड्ड्यात ठेवावे. माती हलक्या हाताने दाबून लगेच पाणी द्यावे, म्हणजे पोकळ्यांतील हवा निघून मुळे व माती यांचा संपर्क जुळतो. मात्र वऱ्हाडातील काळी माती पाणी धरून ठेवते. पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. आळ्यात पाणी तुंबले तर मुळे गुदमरतात. अशा जमिनीत उंचवट्यावर लावणे चांगले. डोळा भरलेला सांधा मातीच्या बराच वर राहिला पाहिजे. तो पुरला गेल्यास ओलाव्यात फायटोप्थोरा हा रोगजंतू सालीत शिरतो, डिंक्या रोग होतो आणि वाढलेले झाडही हातचे जाते. फळे धरायला पाच-सहा वर्षे लागणाऱ्या झाडाच्या बाबतीत हे नुकसान मोठे आहे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग असा: टोमॅटोची सारख्या उंचीची दोन रोपे उपटून, माती झटकून दोन कुंड्यांत लावा. दोन्हींना सारखे पाणी द्या व सावलीत ठेवा. एका रोपावर काचेची बरणी उपडी घाला. दर दोन तासांनी पानांची स्थिती वहीत नोंदवा. बरणीच्या आतील बाजूस जमणारे थेंब कोठून आले, हे आता तुम्हीच सांगा.