रूपांतरकाला नवी विद्या

उटनूरपासून फार दूर नसलेल्या नारनूर परिसरात गुंजाला नावाचे गाव आहे. तेथे गोंडी भाषेची जुनी हस्तलिखिते मिळाली. त्यांच्या लिपीस गावावरून 'गुंजाला गोंडी' असे नाव पडले आणि २०१८ साली युनिकोडच्या ११व्या आवृत्तीत तिला स्थान मिळाले. ही लिपी वाचणारे थोडे. तेव्हा पोथीतील मजकूर संगणकावर उतरवावयाचा, तर तो पुढील पिढीलाही उघडता येईल असाच ठेवला पाहिजे.

एक्सएमएल ही त्यासाठी चांगली पद्धत होय. तीत मूळ पाठ कोणता, अर्थ कोणता, टीप कोणती, याच्या खुणा मजकुरातच करता येतात. त्यावरून छापील पान वा शब्दसूची सिद्ध करण्याचे नियम एक्सएसएलटी या भाषेत लिहितात. ते अमलात आणणारा कारभारी म्हणजे रूपांतरक. 'ऑक्सिजन' या एक्सएमएल संपादकात 'सॅक्सन' नावाचा रूपांतरक मुळातच बसविलेला असतो.

आता शब्दसूचीचेच पाहा. आपली व्यंजने क, ख, ग अशी चालतात. गुंजाला लिपीची मात्र य, व, ब, भ, म, क या क्रमाने! (माझी मातृभाषा कोकणी अनेक लिप्यांत लिहिली जाते, म्हणून असल्या भेदांचे मला कौतुक वाटते.) देवनागरीत उतरविलेले गोंडी शब्द त्या क्रमाने लावावयाचे झाल्यास सॅक्सनला नवे काही शिकवावे लागत नाही. प्रत्येक अक्षरास क्रमदर्शक चिन्ह देणारे फंक्शन एक्सएसएलटीतच लिहिता येते. घरात आहे ते बाजारातून कशाला आणावे?

परंतु पोथीच्या पानाच्या छायाचित्राची लांबी-रुंदी पाहून छपाईत तेवढी जागा सोडावयाची असेल, तर एक्सएसएलटीचे हात टेकतात. चित्राच्या आत डोकावण्याची सोय तिच्यात नाही. जावा भाषेत ती आहे. म्हणून जावामध्ये एक छोटे फंक्शन लिहावयाचे. त्याचे नाव, त्यास द्यावयाची माहिती आणि मिळणारे उत्तर कोणत्या प्रकारचे, हे सॅक्सनने ठरविलेल्या साच्यात सांगावयाचे. मग ते 'जार' या गठ्ठ्यात बांधावयाचे. त्या गठ्ठ्यातील 'मेटा-इन्फ' कप्प्याच्या 'सर्व्हिसेस' या पोटकप्प्यात आपल्या फंक्शनच्या वर्गाचे नाव नोंदवावे लागते; नोंद नसेल तर गठ्ठा जवळ असूनही सॅक्सनला त्याचा पत्ता लागत नाही. शेवटी ऑक्सिजनमध्ये रूपांतराची योजना उघडून 'एक्स्टेन्शन्स' या बटणाखाली तो गठ्ठा जोडावा.

येथे दोन धोके आहेत. जोडलेला गठ्ठा आपल्या संगणकावर आपल्याच अधिकाराने चालतो, म्हणून अनोळखी माणसाचा गठ्ठा कदापि जोडू नये. दुसरा धोका असा की, नियमांची फाइल दुसरीकडे नेली आणि गठ्ठा मागे राहिला, तर रूपांतर अडते. यावर उपाय एक्सएसएलटीतच आहे. 'फंक्शन-अव्हेलेबल' असे विचारले म्हणजे ते फंक्शन हजर आहे की नाही हे कळते. हजर नसल्यास छायाचित्रासाठी ठराविक जागा सोडावी आणि पोथीचा पाठ तसाच पुढे छापू द्यावा.